आधी सुई, मग गाडी

वाचक भगिनी लिहितात:

"सप्रेम नमस्कार. आम्ही सिंधुदुर्गातल्या एका वाडीत राहतो, आंब्याची बाग आहे. गेल्या दिवाळीनंतर बागेत बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची तोडणी, चालू असताना ह्यांना मानेवर गांधीलमाशी चावली. थोड्याच वेळात अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, उलटी झाली आणि हे पडवीत कोसळले. गावातल्या दवाखान्यात दोन इंजेक्शनं दिली, पण उतार पडेना. शेवटी मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे मांडीत एक इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत ह्यांनी डोळे उघडले. घरी सोडताना डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिनच्या दोन कुप्या आणि सिरिंजा लिहून दिल्या. चिठ्ठीवर 'अर्धा मिली, मांडीत' असं लिहिलंय. त्या कुप्या फ्रिजच्या दारात पडून आहेत.

ह्यांचं वय ५४, बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉल चालू आहे. शेजारी म्हणतात, बीपीवाल्याला हे इंजेक्शन दिलं तर हृदय बंद पडेल. हे म्हणतात, लहानपणापासून गांधीलमाश्या चावल्यात, एकदाच असं झालं, आता अव्हिलची गोळी खिशात ठेवतो, तेवढी पुरे. मला तर सुई बघूनच कापरं भरतं. भाचा मस्कतला असतो, तो तिकडून पेन आणतो म्हणतोय. मी काय करू? बागेत अजून एक पोळं दिसतंय, ते जाळून टाकावं का?"

ताई,

सर्वांत आधी बीपीचं सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावर अडलंय. बीपी असलं तरी हे इंजेक्शन द्यायचं. गेल्या वेळेसारखं पुन्हा झालं तर जराही न थांबता द्यायचं. अ‍ॅनाफायलॅक्सिसमध्ये, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या अशा जीवघेण्या झटक्यात, अ‍ॅड्रेनालिन देऊच नये असा एकही आजार नाही. बीपी नाही, मधुमेह नाही, हृदयविकारसुद्धा नाही. शेजाऱ्यांनी जे ऐकलंय ते पूर्ण खोटंही नाही. हेच औषध शिरेत भसकन दिलं किंवा डोस भलताच जास्त झाला, तर हृदयाची लय बिघडू शकते. मांडीच्या स्नायूत अर्धा मिली देणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे. त्यानंतर छाती धडधडेल, हात थरथरतील, चेहरा पांढरा पडेल, कदाचित डोकं दुखेल. हे सगळं थोड्या वेळात ओसरतं. ती धडधड बघून घाबरू नका, औषध लागू पडतंय म्हणून ती होते.

खरं भय कुठलं, ते ऐका. दंशानंतर शरीर हिस्टामिन आणि त्याच्यासारखी बरीच द्रव्यं एकदम रक्तात सोडतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतलं पाणी बाहेर झिरपतं आणि बीपी धाडकन खाली येतं. श्वासनलिका आवळतात, घसा सुजतो. तुमचे यजमान पडवीत कोसळले ते बीपी वाढल्यामुळे नव्हे, बीपी पार तळाला गेल्यामुळे. अ‍ॅड्रेनालिन रक्तवाहिन्या पुन्हा आवळतं, श्वासनलिका मोकळ्या करतं, हृदयाला जोर देतं आणि ती द्रव्यं सुटण्याची क्रियासुद्धा मंदावतं. ही सगळी कामं एकदम आणि काही मिनिटांत करणारं दुसरं औषध आपल्याकडे नाही.

अव्हिल त्यांतल्या फक्त हिस्टामिनला अडवतं. पित्त कमी होईल, खाज थांबेल. पण गोळी पोटात जाऊन काम करायला अर्धा तास तरी घेते, आणि उलटी होत असेल तर ती पोटात राहतेय कशाला? शिवाय घसरलेलं बीपी अव्हिल वर आणत नाही आणि सुजलेला घसाही मोकळा करत नाही. गावातल्या दवाखान्यात दिलेली ती दोन इंजेक्शनं कुठली होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण आपल्याकडे अशा वेळी बहुतेकदा अव्हिल आणि डेक्सा देतात. डेक्सा म्हणजे स्टेरॉइड, त्याचा परिणाम दिसायला काही तास जातात. ही औषधं मागाहून द्यायला हरकत नाही, अ‍ॅड्रेनालिनऐवजी मात्र ती चालत नाहीत. खिशात अव्हिल ठेवणाऱ्या माणसाला आपली सोय झाली असं वाटतं, आणि त्या भरवशावर हातची मोलाची मिनिटं निघून जातात. माझी काळजी तिथेच आहे.

ही मिनिटं किती असतात? ब्रिटनमध्ये अ‍ॅनाफायलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा कीटकदंशानंतर श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यम कालावधी १५ मिनिटांच्या आसपास निघाला. म्हणजे दगावलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना पाव तासही मिळाला नव्हता. तुमच्या वाडीतून ग्रामीण रुग्णालयात पोचायला किती वेळ लागतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी सुई, मग गाडी. गाडी शोधायला एकाने धावावं, तोवर दुसऱ्याने इंजेक्शन देऊन मोकळं व्हावं.

आता यजमानांचं म्हणणं. लहानपणापासून चावतायत, काही झालं नाही. अ‍ॅलर्जीची रीतच अशी आहे, ताई. १९०२ मध्ये फ्रान्सच्या शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी समुद्रफुलाच्या विषाचे कुत्र्यांवर प्रयोग केले. पहिला डोस पचवलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी तेच विष पुन्हा दिलं, तर तो अर्ध्या तासाच्या आत मेला. अ‍ॅनाफायलॅक्सिस हे नाव तिथूनच आलं आणि रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं. आधीचे दंश सोसले म्हणून पुढचा सोसेल असं नसतं. आधीच्या दंशांमुळेच शरीर पुढच्या वेळी चवताळून उठायला शिकतं. आणि एकदा मोठा माणूस असा कोसळला, की पुढच्या दंशाला पुन्हा तसंच होण्याची शक्यता १०० पैकी ३० ते ६० इतकी धरतात. कदाचित पुढच्या वेळी काहीच होणार नाही, हेही त्यात आलं. पण कुठल्या वेळी होईल ते आधी कळत नाही, म्हणून औषध प्रत्येक वेळी जवळ असायला हवं.

त्यांच्याशी वाद घालू नका. बागायतदार माणसाला 'बागेत जाऊ नका' म्हटलं की तो पुढचं काही ऐकत नाही. तुम्ही म्हणा, बागेत खुशाल जा, पण हा डबा सोबत असल्याशिवाय नाही. आणि गेल्या वेळी शुद्ध हरपल्यावरचं त्यांना काही आठवत नसणार. ज्यांनी त्यांना उचललं, त्यांच्या तोंडून ते एकदा ऐकू द्या.

सुईचं भय मी हसण्यावारी नेत नाही. कुपी फोडून, औषध ओढून, बरोबर मात्रा मोजून देणं हे घाबरलेल्या माणसाला अवघडच जातं. कॅनडात एक चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. आईवडिलांना नीट सूचना देऊन कुपीतून तान्ह्या बाळाचा डोस भरायला सांगितला. त्यांना सरासरी १४२ सेकंद लागली आणि भरलेल्या मात्रांमध्ये तब्बल चाळीस पटींचा फरक निघाला. ही माणसं शांत खोलीत बसली होती, समोर कोणी तडफडत नव्हतं. तेव्हा दोष तुमच्या हातांचा नाही. रीत बदलायला हवी.

रीत अशी. येत्या आठवड्यात दोन्ही कुप्या घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्याकडून दोन सिरिंजा आधीच भरून घ्या, प्रत्येकीत अर्धा मिली. एक मिलीची साधी सिरिंज आणि साधारण एक इंच लांबीची सुई, वर टोपण घट्ट. इन्सुलिनची सिरिंज कुणी सुचवली तर नको म्हणा. तिची सुई आखूड असते, औषध स्नायूपर्यंत जातच नाही. शिवाय आपल्याकडे चाळीस आणि शंभर युनिटच्या अशा दोन तऱ्हेच्या इन्सुलिन सिरिंजा मिळतात, त्यांच्या रेघा वाचताना हमखास गोंधळ होतो. भरलेल्या सिरिंजेवर तारखेची चिकटपट्टी लावा आणि दोन्ही सिरिंजा मुलांच्या कंपासपेटीसारख्या कडक डब्यात, उजेड लागणार नाही अशा ठेवा. थंड, अंधाऱ्या जागी भरलेल्या सिरिंजेत औषधाचा जोर साधारण तीन महिने टिकतो असं तपासण्यांत दिसलंय. कोकणातल्या चैत्र-वैशाखात मी दोन महिन्यांनीच बदलायला सांगेन. औषध स्वस्त आहे, काटकसर करण्याची ही जागा नव्हे. रंग गुलाबी किंवा तपकिरी झाला, गढूळ दिसलं, तर तारीख न बघता टाका. फ्रिजची गरज नाही. फ्रिजच्या दारातली कुपी बागेत पडलेल्या माणसाला मिळत नाही. फक्त उन्हात तापलेल्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत डबा ठेवू नका.

द्यायचं कसं, तेही सांगते, पण एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. मांडीचा मधला भाग, बाहेरची बाजू. लुंगी किंवा पातळ पँट असेल तर वरूनच टोचा, कपडे काढण्यात वेळ घालवू नका. सुई सरळ, काटकोनात, पूर्ण आत. दट्ट्या शेवटपर्यंत दाबा, सुई काढा, जागा थोडी चोळा. बारीकसा हवेचा बुडबुडा गेला तर काही बिघडत नाही. हे इंजेक्शन स्नायूत जातं, शिरेत नाही. दंडात नको, कमरेत नको, मांडीतच. तिथून ते रक्तात लवकर पोचतं. दिलेली वेळ हातावर पेनने लिहून ठेवा. पाच मिनिटांत उतार नसेल किंवा पुन्हा बिघडलं, तर दुसरी सिरिंज दुसऱ्या मांडीत.

शिकायला लांब जायला नको. तुमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर लसीकरणाला येतात तेव्हा त्यांच्याजवळ अ‍ॅनाफायलॅक्सिसचं किट असतं, त्यात हेच अ‍ॅड्रेनालिन असतं. लशीनंतर कुणाला झटका आलाच, तर मांडीत पहिला डोस द्यायचं प्रशिक्षण आणि परवानगी त्यांना सरकारनेच दिलेली आहे. त्यांच्यासमोर बसा, पाणी भरलेली सिरिंज मोसंब्यात टोचून बघा. चार-पाच वेळा केलंत की हात आपोआप स्थिरावेल.

आणि हे एकट्या तुम्हीच शिकून चालणार नाही. गांधीलमाशी चावेल तेव्हा तुम्ही बहुधा घरी असाल आणि यजमान बागेत. तिथे त्यांच्यासोबत कोण असतं? गडी असतील, हंगामात राखणीला ठेवलेली नेपाळी मंडळी असतील. त्यांनाही शिकवा. स्वतः यजमानांनाही, कारण सुरुवातीची एक-दोन मिनिटं ते शुद्धीत असतात आणि स्वतःच्या मांडीत टोचून घेऊ शकतात. गड्याला वाटेल, मालकाला काही झालं तर माझ्यावर येईल. त्याला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, तिची एक प्रत डब्यातच ठेवा आणि यजमानांनी स्वतः त्याला सांगावं, 'मी पडलो तर हे दे.'

केव्हा द्यायचं याबद्दल मनात घोळ नको. चावल्या जागी सूज आली, दुखतंय, हात कोपरापर्यंत सुजला, एवढंच असेल तर इंजेक्शन नाही. चावल्यानंतर आवाज घोगरा झाला, घसा आवळल्यासारखा वाटला, जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, यांतलं एक जरी झालं तरी द्या. अंगभर पित्त आणि सोबत उलटी किंवा पोटात मुरडा, तरी द्या. दंशात कधी कधी पित्त उठतच नाही, माणूस सरळ कोसळतो, म्हणून पित्ताची वाट बघू नका. तुमच्या यजमानांच्या बाबतीत शंका आली तरी द्या. विनाकारण दिलं गेलं तर थोडा वेळ धडधडेल, उशिरा दिलं तर कदाचित उपयोगच होणार नाही.

यापुढचं वाचून तुम्हाला वाईट वाटेल, तरी लिहायलाच हवं. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं पुन्हा करू नका. तुमच्याकडे तेव्हा तेवढंच वाहन होतं, हे मला कळतं. पण बीपी खाली गेलेल्या माणसाला उठवून बसवलं की उरलंसुरलं रक्त पायांकडे उतरतं आणि हृदय रिकामं पडतं. मघाशी सांगितलेल्या ब्रिटनच्या नोंदींत उठून बसताना किंवा उभं राहताना जीव गेलेली माणसं आहेत. तेव्हा जिथे पडले तिथेच आडवं झोपवा, पाय उशीवर किंवा आंब्याच्या क्रेटवर उंच करा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. श्वास फारच लागत असेल आणि झोपवतच नसेल, तरच पाठीला टेकू देऊन बसवा, पाय पुढे लांब सोडून. बरं वाटलं तरी चालू देऊ नका. रस्त्यापर्यंत चालत नेऊ नका, चार माणसं लावून घोंगडीवर आडवं उचला. रिक्षा, ओम्नी, पिकअप, ज्यात झोपवता येईल ते वाहन वाडीत कुणाकडे आहे, ते आजच विचारून नंबर लिहून ठेवा. १०८ ला फोन करताना 'गांधीलमाशी चावली' एवढंच सांगू नका. 'अ‍ॅलर्जीचा झटका आहे, श्वास लागतोय, अ‍ॅड्रेनालिन दिलंय' असं सांगा. दवाखान्यात शिरतानाही हेच शब्द आणि हातावरची वेळ. बरं वाटलं तरी तिथे कित्येक तास थांबावं लागेल, कधी रात्रभरही, कारण काही जणांना हा झटका थोड्या तासांनी पुन्हा येतो. घरी सोडा म्हणून हट्ट करू नका.

अ‍ॅटेनोलॉलबद्दल मात्र डॉक्टरांशी वेगळं बोला. ती बीटा ब्लॉकर गटातली गोळी आहे. अशा गोळीवर असलेल्या माणसात अ‍ॅड्रेनालिनचा जोर कमी पडू शकतो. म्हणून तर दोन सिरिंजा हव्यातच. यजमानांना बीपीसाठी दुसऱ्या गटातली गोळी चालेल का, हा प्रश्न थेट विचारा. स्वतःहून ती बंद करू नका, एकदम तोडली तर हृदयाला त्रास होतो. तोवर दवाखान्यात दाखवायच्या कागदावर तिचं नाव ठळक लिहा, कारण अ‍ॅड्रेनालिनने भागलं नाही तर अशा रुग्णांना ग्लुकागॉन नावाचं दुसरं औषध देण्याचा विचार डॉक्टर करतात.

भाच्याचं पेन. ते आपोआप टोचणारं इंजेक्शन असतं, मांडीवर दाबलं की नेमका डोस आत जातो, मोजायचं काही नाही. आपल्या साध्या मेडिकलमध्ये ते सहसा मिळत नाही, म्हणून तिकडून येत असेल तर जरूर मागवा. दोन मागवा, मोठ्यांचं ०.३ मिलिग्रॅमचं. तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या अर्ध्या मिलीपेक्षा, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा, ते कमी असलं तरी चालतं. तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी भाच्याला पाठवा, आणि खरेदी करताना मुदत बघायला सांगा, कारण पेनाची मुदत बऱ्याचदा वर्ष-दीड वर्षाचीच असते. सुई नसलेलं सरावाचं पेन मिळालं तर तेही आणू द्या, गड्यांना शिकवायला बरं. पण पेन येईपर्यंत थांबायचं नाही. सिरिंजा या आठवड्यात भरून ठेवायच्याच.

जमेल तेव्हा कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईला अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांना एकदा दाखवा. दंशाने असं कोसळलेल्या माणसाची ट्रिप्टेज नावाची रक्ततपासणी करतात, तिच्यावरून धोका नेहमीपेक्षा जास्त आहे का ते कळतं. विषाचे अगदी बारीक डोस काही वर्षं देऊन शरीराला सवय लावण्याचा उपचारही आहे आणि तो चांगला लागू पडतो. आपल्या देशात तो सहजी उपलब्ध नाही, तरी विचारून बघा.

राहिलं पोळं. ते काढायला हवं, पण जाळून नको. धुराने आणि आगीने गांधीलमाश्या बिथरून सगळीकडे तुटून पडतात आणि वाळलेल्या बागेत वणव्याचं भय वेगळंच. हे काम जाणणाऱ्या माणसाला बोलवा, तो अंगभर कपडे घालून रात्री करेल. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी यजमानांनी त्या बाजूला फिरकायचं नाही. बेणणीपूर्वी दरवर्षी एखाद्या गड्याने झुडपं, बांध, पंपघराचा कोनाडा नजरेखालून घालून पोळी कुठे आहेत ते बघून यावं, आणि झुडपं तोडण्याचं काम यापुढे यजमानांनी स्वतः करू नये.